राजा मिर्चा संपल्यावर : आठ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत माळेतली शेवटची मिरची संपली. गुवाहाटीतली तीन वर्षांची बदली आटोपून पुण्याला आलो तेव्हा सामानात अखुनीचे चार पुडे, बांबूच्या कोंबांची एक बरणी आणि वाळवलेल्या राजा मिर्चाची ही माळ होती. अखुनी, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, अजून शिल्लक आहे. त्याचा वास जिन्यात जातो, म्हणून ती फक्त रविवारी निघते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा विचारून झालंय, 'तुमच्याकडे ड्रेनेज तुंबलंय का?' पण मिरची संपली आणि तिथपासून आता ऑक्टोबरपर्यंत तिच्या जागी एकेक गोष्ट घालून पाहतोय.

मिरची एकच, नावं अनेक. नागालँडमध्ये राजा मिर्चा, आसामात भूत जोलोकिया, मणिपुरात उमोरोक. 2007 साली गिनेसने तिला जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं, दहा लाखांहून जास्त स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक). पुढे कॅरोलिना रीपर आली, 2023 मध्ये पेपर एक्स आली, आणि आता राजा मिर्चा क्रमवारीत बरीच खाली आहे. तिथल्या घरांत याचं कुणाला काही वाटत नाही. एक किलो डुकराच्या मांसाला एक मिरची, फार तर दोन.

सुरुवातीला मी साधं गणित केलं आणि तोंडावर आपटलो. आपल्याकडच्या बाजारातली चांगली तिखट मिरची, समजा गुंटूरकडची तेजा, लाखाच्या आसपास जाते. म्हणजे दहापट घाला, झालं. एका राजा मिर्चाऐवजी मूठभर तेजा वाटून घातली. रस्सा लालभडक झाला, वर सालींचा चोथा तरंगायला लागला आणि चव कडवट लागली. तिखट झालं होतं, त्यात वाद नाही. पण ते मिरचीचं कालवण झालं होतं, मांस त्यात पाहुणं. मुलीने दोन घास खाऊन दहीभात मागितला. मिरची वाढवली की तिखटाबरोबर साल, बिया, रंग आणि कडूपणाही त्याच मापाने वाढतो, हे त्या दिवशी ताटात दिसलं. शिवाय हे स्कोव्हिलचे आकडे वाळल्या वजनावरचे असतात. ओल्या मिरचीत बहुतेक पाणीच, त्यामुळे ताज्याला वाळकं तोलताना तर हिशेब आणखीच चुकतो.

मग लवंगी. आमची आई गडहिंग्लजची. तिच्या लेखी मिरची म्हणजे संकेश्वरी, आणि फार तिखट हवं असेल तर लवंगी. बाकीचं सगळं शहरी लोकांचे चोचले. तिने मंडईतून ताजी हिरवी लवंगी आणवली आणि लसूण-मीठ घालून खलबत्त्यात ठेचली. नागा चटणी करायची होती, टोमॅटो गॅसवर भाजून सोललेले, त्यात सुकी मासळी. लवंगी घालून केलेली ही चटणी चांगली झाली. पण तो ठेचाच होता. टोमॅटोचा ठेचा म्हणून वाढला असता तर कुणी ब्र काढला नसता.

फरक कुठे होता ते सांगतो, कारण पुढचे सगळे महिने याच्याभोवती गेले. लवंगी जिभेच्या शेंड्यावर लगेच झोंबते, डोळ्यांतून पाणी काढते आणि चार-पाच मिनिटांत निवते. राजा मिर्चा आधी काहीच करत नाही. पहिले पंधरा-वीस सेकंद माणूस म्हणतो, एवढंच? मग घशाच्या मागून वर चढते, कानांपर्यंत येते आणि अर्धा तास मुक्काम ठोकते. पण याहूनही मोठा फरक वासाचा आहे. ताजी राजा मिर्चा नुसती चिरली तरी पिकत आलेल्या पेरूसारखा गोडसर वास सुटतो, त्यात किंचित फुलाची झाक. हा वास लवंगीला नाही, ज्वालाला नाही, तेजाला तर मुळीच नाही. त्यांचा वास हिरवट, गवताच्या जवळचा. दीमापूरचा माझा एक सहकारी मिरची आख्खीच टाकायचा, शिजताना फुटू द्यायचा नाही आणि वाढण्याआधी चमच्याने अलगद काढून ठेवायचा. तेव्हा मला वाटायचं, भीतीपोटी करतो. आता कळतं, त्याला तिखट थोडं आणि वास पुरेपूर हवा असायचा.

म्हणून मी काम दोन भागांत वाटलं. तिखटाला एक, वासाला दुसरं काहीतरी.

तिखटाची बाजू लवकर सुटली. वाळकी लवंगी, बिया झटकून, कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून, गुळगुळीत वाटून. बिया झटकण्याचं कारण वेगळं आहे. तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात असतो. बिया नुसत्या चव कडवट करतात आणि दातात येतात. एक किलो मांसाला आमच्या घरी आठ लवंग्या पुरतात. राजा मिर्चाइतकं तिखट होत नाही आणि ते व्हावं असा हट्टही मी सोडला.

वासासाठी बरंच काही करून झालं. लिंबाची साल किसून घातली. दोन मिनिटं छान, मग लिंबाचं सरबत प्यायल्यासारखं. पेरूच घालून पाहिला, त्याची चटणी वेगळी आणि चांगली लागते, पण मांसात तो विचित्र वाटतो. शेवटी जमलं ते लाल ढोबळी मिरची आणि जर्दाळू यांच्या जोडीने. लाल ढोबळी गॅसवर काळी होईपर्यंत भाजायची, झाकून घाम येऊ द्यायचा, साल काढायची. त्यात भिजवलेला अर्धा जर्दाळू, फक्त अर्धा, आणि भिजवलेली लवंगी. तिन्ही एकत्र वाटून मोहरीच्या तेलात मंद आचेवर परतायचं. तेल वर आलं की वास घ्या. राजा मिर्चा नाहीच, पण तिच्या गावची वाटते. जर्दाळू पूर्ण घातला की गोड होतं, तेव्हा हात आवरा.

पुडीचा अनुभव वेगळा सांगायला हवा, कारण बहुतेक लोक तिथेच जातात. ऑनलाइन भूत जोलोकियाची पूड दोन ठिकाणांहून मागवली. पहिली आली ती झगझगीत लाल, वासाला जुन्या वहीसारखी, आणि तिखटपणात आमच्या घरच्या कांदा-लसूण मसाल्यापेक्षा थोडीच वर. तिच्यात किती भूत आणि किती बाकीचं, हे मला सांगता येणार नाही. दुसरी मात्र खरी होती. रंग फिकट, विटकरीकडे झुकणारा. डबी उघडली तर आई आतल्या खोलीतून शिंकली. पण पुडीत तो पेरूचा वास जवळजवळ गेलेला असतो, उरतं ते तिखट आणि धुराची झाक. तिखटासाठी चिमटीची चिमटी चालते. वासाचं काम तिला सांगू नका.

या दुसऱ्या पुडीनेच घरात तंटा लावला. मिक्सरच्या लहान भांड्यात मी तिची पेस्ट केली, भांडं नीट धुतलं, साबणाने, दोनदा. दुसऱ्या दिवशी बायकोने त्यात इडलीची खोबऱ्याची चटणी केली. पहिला घास मुलीने घेतला. तो चेहरा मी विसरणार नाही. दोष झाकणातल्या रबराच्या रिंगेचा होता. तिखट तेलात विरघळतं, रबरात जाऊन बसतं, नुसत्या पाण्याने हलत नाही. आता त्या कामाला जुनं भांडं वेगळं ठेवलंय, त्यावर आईने कुंकवाचं बोट लावून ठेवलंय. हाताचंही तेच. आधी खोबरेल चोळायचं, मग साबण. उलट केलं तर हात धुतलेत असं वाटतं आणि संध्याकाळी डोळ्यांतली लेन्स काढताना खरं काय ते कळतं. यातला प्रत्येक शब्द अनुभवाचा आहे.

जुलैत एका मोठ्या भाजीवाल्याकडे हाबानेरो दिसली. नारिंगी, कंदिलासारखी. ही मिरची राजा मिर्चाच्याच कुळातली, कॅप्सिकम चायनेन्स, आणि हे चिरताक्षणी कळतं, कारण तोच वास. तिखट तिच्या एक-तृतीयांशाहूनही कमी, पण चढण्याची तऱ्हा तीच, उशिरा आणि घशातून. दोन हाबानेरो, एक किलो मांस, बांबूचे कोंब, बाकी काही नाही. बायको म्हणाली, गुवाहाटीत झालं होतं तसं झालंय. आठ महिन्यांतला हा सर्वांत सरस पर्याय. अडचण एवढीच की त्यानंतर त्या भाजीवाल्याकडे ती तीनदा विचारूनही मिळाली नाही, आणि मिळाली तेव्हा चार मिरच्यांच्या पैशांत अर्धा किलो लवंगी आली असती.

धाकटी बहीण लंडनला असते, तिला या सगळ्या खटाटोपाचं हसू येतं. 'दादा, इथे कोपऱ्यावर मिळतं रे सगळं.' खरंच मिळतं. कॅरिबियन लोकांची स्कॉच बॉनेट साध्या दुकानात आणि बांगलादेशातल्या सिल्हेटी लोकांच्या दुकानात चक्क नागा मोरिच, म्हणजे हीच आपली किंवा तिची सख्खी बहीण. त्यामुळे परदेशात राहणाऱ्यांनी लवंगीच्या फंदात पडूच नये, सरळ स्कॉच बॉनेट घ्यावी.

रोपाचाही नाद केला. माळेतल्या बिया कुंडीत टाकल्या, पंचवीस दिवसांनी उगवल्या, तोवर मी आशा सोडली होती. मे महिन्यात आलेली सगळी फुलं गळाली. पावसाळ्यात नऊ मिरच्या धरल्या, आकाराने बोटाच्या पेराएवढ्या. वास बरोबर, तिखट मऊ. यात माझ्या कुंडीचा दोष कमी, हवेचा जास्त. 2005 च्या एका अभ्यासात आसामातलं तेजपूर आणि ग्वाल्हेर इथल्या भूत जोलोकियाची तुलना केली होती, आणि ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत तिचं तिखट निम्म्याहून जास्त उतरलेलं आढळलं. माझ्या कामाला उलट हे सोयीचंच पडलं. वास राजा मिर्चाचा आणि तिखट मुलीला झेपेल एवढं, अशी मिरची बाजारात मागून मिळाली नसती.

मोहरीच्या तेलातल्या लोणच्याबद्दल थोडक्यात. आसामी पद्धतीचं असेल तर मिरचीला हात न लावता वरचं तेल वापरा. आलू पिटिका, म्हणजे कुस्करलेला उकडलेला बटाटा, कांदा आणि मीठ, त्यात हे तेल अर्धा चमचा. दुसरं काही लागत नाही. इरोम्बातही, म्हणजे उकडलेल्या भाज्या आणि आंबवलेली मासळी कुस्करून करतात त्या मणिपुरी पदार्थातही चालतं. मांसात मात्र लोणच्याचा आंबटपणा जाणवतो.

ब्याडगी आणि काश्मिरीचा विचारही करू नका. रंगाच्या मिरच्या आहेत त्या.

कुंडीतल्या नऊपैकी तीन वापरल्या. सहा न चिरता, देठासकट, पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये टाकल्या आहेत. गोठवलेली मिरची मऊ पडते, पण वास वाळवण्यापेक्षा कितीतरी चांगला टिकतो, हे मला माळ आणण्याआधी कुणी सांगायला हवं होतं. गेल्या रविवारी त्यातली एक काढली, चार लवंग्यांची जोड दिली आणि आख्खीच रस्स्यात सोडली. आईने ती वाढताना ताटात घेतली, दोन बोटांनी दाबून पाहिली आणि माझ्या ताटात टाकली.

'ही तू खा,' म्हणाली, 'मला रस्साच बरा.'