सगळ्या वयांचा एकत्र शास्त्राभ्यास: वर्षभर बसून आलेला अनुभव

उपासनेच्या आधी पाऊण तास आमच्या चर्चमध्ये लहानथोर सगळ्यांचा एकत्र शास्त्राभ्यास असतो. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारपासून आम्ही चौघं त्यात बसतोय: सासूबाई, मी, पंधरा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. आता वर्ष होत आलं. आपल्या मंडळीत असा वर्ग सुरू करावा का, असा विचार करणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

पूर्वी आम्ही चर्चमध्ये शिरलो की पांगायचो. मुलगी संडे स्कूलला, मुलगा तरुण संघात, सासूबाई महिला मंडळात. प्रत्येकाचा उतारा वेगळा, त्यामुळे घरी परतताना त्यावर बोलणंच व्हायचं नाही. आता सगळ्यांना तेच पाठ. ते कुणी मनाला येईल तसे निवडत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या रिवाइज्ड कॉमन लेक्शनरीतून, म्हणजे कोणत्या रविवारी बायबलमधलं काय वाचायचं याच्या यादीतून, घेतात. बहुतेक रविवारी जुन्या करारातला उतारा, स्तोत्र, नव्या करारातलं पत्र आणि शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचा वृत्तांत, असे चार पाठ. चक्र तीन वर्षांचं: एक वर्ष मत्तयाचं शुभवर्तमान, एक मार्क, एक लूक, आणि योहान तिन्ही वर्षांत विभागलेला. आमचं हे मत्तयाचं वर्ष. पाऊण तासात चारही पाठ नीट होत नाहीत म्हणून वर्ग घेणाऱ्या बाई दोनच घेतात, आणि मला ते पटतं.

जुलैतला एक रविवार सांगते, म्हणजे वर्ग कसा चालतो ते कळेल. पाठ होता मत्तय १३, गव्हातल्या निदणाचा दाखला: चाकर गव्हातलं निदण उपटायला निघतात, आणि मालक त्यांना कापणीपर्यंत थांबायला सांगतो. मुलगी मोठ्याने वाचत होती, ती 'निदण' शब्दाशी अडली. सासूबाईंचं अर्धं आयुष्य शेतात गेलंय. त्या म्हणाल्या, "अगं, निंदणी करतो ना, त्यातलंच ते. पण हे निदण मोठं फसवं. ओंबी धरेपर्यंत गव्हापासून ओळखू येत नाही." मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून त्यांनी हात पुढे केले. "हा गहू, हे निदण. आता नुसतं निदण उपट बघू." मुलीने एक हात ओढला, दोन्ही आले. बाईंनी या दाखल्यावर दोन पानं टिपणं काढून आणली होती. त्यांनी ती मिटून ठेवली.

त्याच दिवशी स्तोत्र १३९ होतं. कागदावर १ ते १२ ओव्या आणि मग थेट २३-२४. मुलाने मोबाइलवर मधल्या ओव्या काढल्या आणि विचारलं, "हे का गाळलं?" त्यात १९ ते २२ मध्ये स्तोत्रकर्ता देवाला सांगतो की दुष्टांना मारून टाक, मी त्यांचा पुरेपूर द्वेष करतो. टेबलाशी बसलेले एक आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "या चार ओव्या मी एका माणसाबद्दल कित्येक वर्षं मनात म्हणत आलो. त्या म्हणून झाल्यावरच 'माझं हृदय तपासून बघ' हे पुढचं तोंडातून निघालं." एकीकडे निदण उपटायला निघालेले चाकर, दुसरीकडे दुष्टांना उपटून टाक म्हणणारा स्तोत्रकर्ता. हे दोन पाठ शेजारीशेजारी वाचल्याशिवाय मला ते कधी दिसलं नसतं. आणि माझ्या मुलाने एका वडीलधाऱ्या माणसाला इतकं खरं बोलताना याआधी कुठे ऐकलं असतं?

आता उणिवा. छापील कागदाचं अक्षर इतकं बारीक आहे की साठीच्या पुढच्यांना ते वाचताच येत नाही. ज्यांच्या अनुभवासाठी वर्ग एकत्र केला, त्यांचीच अडचण. गाळलेल्या ओव्या कुठे आहेत याची कागदावर खूणही नसते. निदान एक रेघ तरी मारावी. सोबतच्या पुस्तिकेत पंधरा वर्षांच्या मुलांसाठी जे प्रश्न असतात ते सात वर्षांच्या मुलाला शोभावेत असे; माझा मुलगा ते उघडतही नाही. पौलाच्या पत्रांच्या दिवशी लहान मुलं चुळबुळ करतात. रोमकरांस पत्राचा ८ वा अध्याय त्यांच्या गळी कसा उतरवायचा, हे अजून आम्हा कुणालाच जमलेलं नाही. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांना इथे बसवू नये असं मला वाटतं. आणि कधीकधी एखादे काका बोलायला लागले की वीस मिनिटं थांबत नाहीत. बाईंनी आधी लहानांनी बोलायचं हा नियम केल्यापासून बराच फरक पडलाय, पण तो दर रविवारी पाळला जात नाही.

तरीही आम्ही पुढच्या वर्षासाठी नावं दिली आहेत. शनिवारी रात्री मुलगा आजीला पाठ वाचून दाखवतो, कारण तिला ते अक्षर दिसत नाही. तो सोप्या भाषेतल्या बायबलमधून वाचतो, तिला जुनं भाषांतर पाठ आहे. शब्द जुळले नाहीत की ती त्याला थांबवते आणि दोघं दोन्ही पुस्तकं उघडून बसतात. आगमनकाळात मार्क सुरू होईल, पहिल्या रविवारी यशया ६४ आहे. त्यांचं ते आत्ताच दोनदा वाचून झालंय.