मशीन चांगलं, पट्ट्याने वैताग आणला: वृद्धाश्रमातल्या बीपी मशीनचा अनुभव

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या वृद्धाश्रमात वीसेक आजी-आजोबा आहेत, बीपी रोज दोन्ही वेळा. पावसाळ्यात दंडावरचं डिजिटल मशीन घेतलं. फीचर्सची यादी देत बसत नाही, मी दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याबद्दल बोलते.

दिवाळीच्या आतच वेल्क्रोने मान टाकली. हवा भरत आली की चर्रकन सुटणार, मग एरर, पुन्हा गुंडाळा. तोवर आजी चिडलेल्या, म्हणजे आकडा आणखी वर! सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, पट्ट्याला वॉरंटी नाही, शिवाय हे मशीन घरगुती वापराचं, संस्थेसाठी नाही. अहो, मग खोक्यावर ठळक छापा की! नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या औषधबाजारात पट्ट्यासाठी फिरले, तर मिळाला तो दुसऱ्याच कंपनीचा, नळी बसेना. शेवटी कंपनीचाच मागवला. एवढ्याशा कापडाचे एवढे पैसे देताना अजूनही जिवावर येतं.

सोबत लहान मापाचाही घेतला, ते बरं झालं. मूळचा २२ ते ३२ सेंमी दंडासाठी आहे आणि आमच्या काही आज्यांचे दंड त्याहून बारीक. सैल, मोठ्या पट्ट्यावर बीपी असतं त्याहून कमी दिसतं. लहान पट्ट्यावर त्यांचे आकडे चढले, तेव्हा डॉक्टरांनी जुना चार्ट बाजूलाच ठेवला.

इथवर दोनच तारे देणार होते. पण एका आजोबांच्या वेळी अनियमित ठोक्यांची खूण सारखी यायची. सिस्टर म्हणाल्या, मशीनच बिघडलंय. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित पडण्याचा हृदयविकार! त्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो, म्हणून लगेच औषध सुरू झालं. आता त्यांचं बीपी तीनदा घेऊन सरासरी लिहितो, कारण अशा ठोक्यांत एका आकड्यावर विसंबता येत नाही. तर चार तारे.

पाचवा मेमरीने घालवला. आकडे साठवायला युजर दोनच, बाकीच्यांनी जायचं कुठे? म्हणून नोंदवही सुटलेली नाही, आणि तीच कामाची. कोणता हात, बसून की उभं राहून, सगळं त्यात येतं. चक्कर येणाऱ्यांचं उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा घेतो. वरचं २० ने घसरलं की डॉक्टरांना फोन.

आणि हो, अ‍ॅडॉप्टर खोक्यात नसतो. चार सेलवर एवढ्या माणसांचं बीपी घ्यायचं तर सेलवाल्याचंच भलं होईल. आधी अ‍ॅडॉप्टर घ्या.