रस्ता कोणत्या पैशातून: आमदार निधी की वित्त आयोग?

सिन्नर तालुक्यातला माझा मामेभाऊ ग्रामपंचायत सदस्य आहे. मळ्याकडचा दोनशे मीटर रस्ता काँक्रीटचा करायचाय, पण पैसा कुठून आणायचा यावर त्याचं अडलंय.

आमदार निधीला आधी आमदाराचं शिफारसपत्र, मग नाशिकच्या जिल्हा नियोजन कार्यालयाकडून मान्यता. एका आमदाराला वर्षाला ५ कोटी, त्यात अख्खा मतदारसंघ. पत्र हातात पडलं की पेढे वाटणारे मी पाहिलेत. रस्ता पुढच्या वर्षी.

वित्त आयोगाचे, म्हणजे आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राकडून मिळणारे पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यात येतात, कुणाच्या दारी जावं लागत नाही. मात्र काम ग्रामसभेच्या आराखड्यात हवं. शिवाय पंधराव्या आयोगाने २०२१-२६ या काळात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिली होती. रस्ता तेव्हा उरलेल्या ४० टक्क्यांतून. लहान गावाला ते तोकडंच.

देखभालीत फरक शून्य. आमच्याकडे रस्त्याच्या कामाचा फलक अजून चकचकीत, पण बाजूचा मुरूम पहिल्या पावसात वाहून गेला आणि काँक्रीटची कड उघडी पडली. ती बुजवायची ग्रामपंचायतीनेच.

गटार, पाइपलाइन, शाळेचं शौचालय असेल तर वित्त आयोग. सभामंडप किंवा लांब रस्ता असेल तर आमदार निधी. भाऊ, रस्त्यासाठी तू पत्राच्या मागे लाग; पण गटार करायचं असेल तर त्याचा ठराव येत्या ग्रामसभेतच घे.