फेस पेंटिंगचे स्पंज: एका तान्ह्या पोळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत

फेस पेंटिंगमधला बहुतेक राडा स्पंजात मुरलेल्या पाण्यामुळे होतो. मुलाच्या गळ्यावर उतरलेले ओघळ, नव्या कुर्त्याच्या कॉलरवरचा निळा डाग, रंगवणारीचे मनगटापर्यंत माखलेले हात, या सगळ्याचं मूळ तिथेच असतं. गेल्या तान्ह्या पोळ्यापासून, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लेकरांच्या सणापासून, मी नागपुरात वाढदिवस, शाळांची गॅदरिंग आणि सोसायट्यांचे कार्यक्रम करते आहे. या काळात बरेच प्रकारचे स्पंज माझ्या हाताखालून गेले. रंग आणि ब्रश सगळे निवडून घेतात, स्पंज मात्र दुकानात समोर दिसेल तो उचलतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी रंगांचं सांगते. मी पाण्याने ओले करायचे केक, म्हणजे रंगाच्या घट्ट वड्या, वापरते, स्नाझारूचे आणि क्रायोलानचे ॲक्वाकलर. पुढचं सगळं अशाच रंगांबद्दल आहे. तेलकट ग्रीसपेंटचं तंत्र वेगळं असतं. पोस्टर कलर आणि ॲक्रिलिक चेहऱ्यावर अजिबात नको. बाटलीवर ‘नॉन-टॉक्सिक’ छापलेलं असलं म्हणून तो रंग त्वचेसाठी बनवलेला आहे असं होत नाही.

शाळांमध्ये सर्वात जास्त दिसतो तो भांडी घासायचा स्पंज. हिरवी खरखरीत बाजू कापून टाकली तरी पिवळ्या भागाची छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतात एवढी मोठी असतात. त्यांत पाणी खोलवर जाऊन बसतं आणि गालावर दाबलं की एकदम बाहेर येतं. रंगात बुडबुडे येतात, मधेमधे त्वचा उघडी राहते. काही पाकिटांवर जंतुनाशक लावल्याचं लिहिलेलं असतं. ते भांड्यांसाठी आहे, चार वर्षांच्या पोराच्या पापणीजवळ मला ते नको. दुसरा सल्ला हमखास मिळतो तो गादीवाल्याकडून ‘40 डेन्सिटी’चा फोम कापून आणायचा. ही डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढंच. छिद्रं किती बारीक आहेत हे त्यावरून कळत नाही. वजनदार फोमही भरड असू शकतो.

मेकअपचा अंडाकृती ब्लेंडर खूप जणींकडे घरातच असतो. फाउंडेशनसाठी तो छान आहे, पण तो भिजवून, फुगवून वापरायचा असतो आणि आपल्याला इथे नेमकं उलटं हवं आहे. तो रंग पिऊन टाकतो. वाघाचा पिवळा एका चेहऱ्यावर लावला की पुढच्या दोन चेहऱ्यांचा रंग त्याच्या पोटात गेलेला असतो. शिवाय गोलाईमुळे सरळ कड मिळत नाही.

त्रिकोणी मेकअप वेज हा चांगला पर्याय आहे. स्वस्त असतात, पाकिटात भरपूर येतात, टोक नाकाच्या बाजूला नीट पोचतं. घेताना पाकिटावर ‘लॅटेक्स फ्री’ आहे का बघा, कारण काही वेज नैसर्गिक रबराच्या लॅटेक्सचे असतात आणि काहींना त्याची ॲलर्जी असते. मी ऑनलाइन मागवलेल्या एका पाकिटातले वेज रबराचा उग्र वास घेऊनच आले आणि दोन धुण्यांत त्यांच्या कडांचा भुगा झाला. ते परत मागवले नाहीत.

माझ्या पेटीत कायमचा राहिला तो फेस पेंटिंगसाठीच मिळणारा दाट, बारीक छिद्रांचा गोल स्पंज, मधून कापून अर्धा केलेला. अर्धा कापण्यात खरी सोय आहे. गोल पाठ बोटांत धरता येते आणि बोटं रंगापासून लांब राहतात. सपाट बाजूने कपाळ आणि गाल झरझर भरतात. दोन्ही कोपरे डोळ्याखाली, नाकपुडीशेजारी, ओठांच्या कडेला जातात. कापायचं ते कोरडा असताना आणि धारदार कात्रीने, नाहीतर कड दातेरी होते आणि तसाच दातेरी रंग चेहऱ्यावर उमटतो. पाकळीच्या आकाराचेही मिळतात. फुलपाखराच्या पंखांना मला तेच आवडतात, पण संपूर्ण चेहरा भरायला अर्धगोलच बरा.

सीताबर्डीत किंवा इतवारीत दुकानात जाऊन घेणार असाल तर स्पंज हातात घेऊनच घ्या. चिमटीत पूर्ण दाबून सोडा, लगेच मूळ आकारात यायला हवा. कडेवर नख ओढा. भुगा पडला तर ठेवून द्या. उजेडाकडे धरून छिद्रं बघा, ती दिसायला कष्ट पडले तर माल चांगला. दुकानदार पाकीट फोडू देत नसेल तर आधी एकच घ्या आणि घरी बघा.

आता पाण्याबद्दल, कारण चांगला स्पंजही चुकीच्या हातात ओघळ काढतो. स्पंज पाण्याच्या वाटीत बुडवायचाच नाही. छोट्या स्प्रे बाटलीतून केकवर एक-दोन फवारे मारायचे आणि कोरडा स्पंज त्यावर हलक्या हाताने गोल फिरवायचा. रंग घट्ट दह्यासारखा झाला की थांबायचं. फेस दिसला किंवा केकवर पाणी साचलं तर जास्त झालं. टिश्यूने टिपून परत फिरवायचा. पहिला ठसा स्वतःच्या हाताच्या पाठीवर मारून बघायचा आणि मगच चेहऱ्याकडे जायचं. चेहऱ्यावर स्पंज ओढायचा नाही, थोपटायचा. ओढला की रेघा येतात आणि खालचा थर उचलला जातो. पहिला थर पातळ ठेवून सुकू द्यायचा, मग गरज असेल तिथेच दुसरा.

या तंत्राची खरी परीक्षा महादेव घेतो. तान्ह्या पोळ्याला सकाळी मारबतींची, म्हणजे वाईट शक्तींच्या पुतळ्यांची, मिरवणूक झाली की दुपारपासून वस्तीतल्या लेकरांची सजावट सुरू होते. लाकडी बैल हातात, कुणी शेतकरी, कुणी मावळा आणि दर दुसऱ्या घरातून एक महादेव. निळा रंग आख्ख्या चेहऱ्यावर एकसारखा बसवणं अवघड असतं, कारण निळ्यावर प्रत्येक डाग आणि प्रत्येक कोरडी जागा उठून दिसते. भांड्याच्या स्पंजाने तो ढगाळ दिसतो. दाट स्पंजाने, कपाळापासून खाली थोपटत आलं की दोन पातळ थरांत काम होतं. केसांच्या रेषेला आणि जबड्याच्या कडेला स्पंजात उरलेला रंगच पुरतो, तिथे नवीन घ्यायचा नाही, म्हणजे कॉलर वाचते. महादेवाला शक्यतो आधी कपडे घालून, मानेभोवती टॉवेल खोचून बसवावं. रंग लावल्यावर डोक्यावरून कपडा चढवला की सगळी मेहनत त्या कपड्याला जाते.

वाघ त्या मानाने सोपा आणि आपल्याकडे मागणी कायम. एका बाजूला पेंच, दुसऱ्या बाजूला ताडोबा, त्यामुळे इथल्या पोट्ट्यांना वाघाबद्दल बारीक माहिती असते. “ताई, मले वाघ पाहिजे, बिबट्या नको. पट्टे काढजा, ठिपके नाही,” असं मला बजावलं गेलं आहे. 29 जुलैला व्याघ्र दिन असतो, तेव्हा तर शाळाच रांगा लावतात. क्रम ठरलेला ठेवा. डोळ्यांवर आणि तोंडाभोवती पांढरा, मधे पिवळा, कडेला केशरी आणि काळे पट्टे शेवटी ब्रशने. पांढऱ्यापासून गडदकडे गेलं की रंग एकमेकांत घाण होत नाहीत. पिवळा आणि केशरी अर्धवट ओले असतानाच त्यांच्या सांध्यावर स्वच्छ कोरडा कोपरा थोपटला की सांधा दिसेनासा होतो.

स्पंज किती लागतात? माझं ठाम मत आहे की एका मुलाला वापरलेला स्पंज न धुता दुसऱ्याला लावायचा नाही. ब्रश साबणाच्या पाण्यात नीट साफ होतो, स्पंजाच्या आत काय राहिलं ते दिसत नाही. रांगेत कुणाचे डोळे आलेले असतात, कुणाच्या ओठाला फोड, कुणाला सर्दी. डोळे आलेल्या किंवा जखम, पुरळ असलेल्या मुलाचा चेहरा मी रंगवत नाही, हातावर छोटं फूल काढून देते. त्यामुळे मुलं जेवढी असतील त्याहून जास्तच अर्धे स्पंज घेऊन जाते. ऐकायला उधळपट्टी वाटते, पण पसारा सर्वात जास्त कमी झाला तो यानेच. कार्यक्रमात धुणं बंद झालं की गढूळ पाण्याची बादली गेली, ठिबकणारे स्पंज गेले. दोन झाकणाचे डबे असतात, एकात स्वच्छ, एकात वापरलेले. मुलासाठी घेतलेला स्पंज परत केकवर घासायचा नाही, म्हणून गर्दीच्या जागी रंग आधी छोट्या स्टीलच्या ताटलीत काढून घेते.

एका आईने विचारलं होतं, “खाज तर नाही ना सुटणार ह्याला?” हा प्रश्न प्रत्येकीने विचारावा. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला आदल्या दिवशी थोडा रंग लावून बघणं सर्वात चांगलं. आणि लालसरपणा दरवेळी रंगामुळेच येतो असं नाही, खरखरीत स्पंजाने घासल्यानेही येतो.

नागपूरच्या हवेबद्दल वेगळं लिहायलाच हवं. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 अंशांवर असताना केक ओला केला की मिनिटभरात कोरडा पडतो आणि स्पंजावरचा रंग चेहऱ्यापर्यंत जाईतो कडक होतो. अशा वेळी जास्त पाणी घ्यायचा मोह होतो. तसं करू नका. थोडा थोडा रंग घ्या, एकदम जास्त न मारता फवारे पुन्हा पुन्हा मारा आणि कूलरच्या झोतासमोर बसू नका. लेकराला घाम आला असेल तर आधी कोरड्या रुमालाने टिपून, दोन मिनिटं पंख्याखाली बसवून मगच सुरू करा. पावसाळ्यात उलटा त्रास. रंग सुकत नाही, पहिल्या थरावर दुसरा लावायची घाई केली की खालचा उखडून येतो.

धुणं-वाळवणंही हवा बघूनच करायचं. घरी आल्यावर स्पंज लगेच कोमट पाण्यात टाकायचे, अंगाच्या साध्या साबणाच्या वडीवर घासायचे आणि दाबून दाबून रंग काढायचा. पिळायचे नाहीत, पिळले की आतून फाटतात. ब्लीचने फोम ठिसूळ होतो, ते टाळा. जास्त असतील तर जाळीच्या पिशवीत घालून वॉशिंग मशीनमध्ये हलक्या चक्रावर टाकते, चांगले निघतात. मग टॉवेलमध्ये दाबून जाळीच्या ट्रेवर सुटे ठेवायचे. उन्हाळ्यात गच्चीवर टाकायचा विचार येईल, पण कडक उन्हाने फोम पिवळा पडून चुरा होऊ लागतो. सावलीतच ठेवा, नागपूरच्या कोरड्या हवेत तेवढं पुरतं. पावसाळ्यात पंख्याखाली पूर्ण दिवस जातो आणि बाहेरून कोरडा वाटलेला स्पंज मधे ओला असतो. तसाच डब्यात बंद केला की काळे ठिपके येतात आणि कुबट वास सुटतो. तो स्पंज फेकायचाच. लाल-निळ्या रंगाची झाक मात्र धुऊनही राहते. ती घाण नसते, तरी पालकांना बरं वाटावं म्हणून गडद रंगांसाठी मी काळे स्पंज ठेवते.

दोन छोट्या कामांसाठी वेगळे स्पंज उपयोगी पडतात. मावळ्याच्या दाढीची सावली काढायला भरड, जाळीदार स्टिपल स्पंज घ्या. अगदी कमी काळा-तपकिरी रंग, हलके ठोके. आणि जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटचा सामना असला किंवा 15 ऑगस्ट आला की तिरंगा हवा असतो. त्याला तीन रंगांच्या पट्ट्यांचा केक आणि पट्ट्यांच्या दिशेनेच फिरवलेला अरुंद आयताकृती स्पंज लागतो. गालावर एकच सरळ ओढ. थोपटायचं नाही असं हे एकच काम आहे.

नवीन सुरुवात करणारीने सहा-सात गोल स्पंज घेऊन अर्धे करावेत, सोबत एक पाकीट लॅटेक्स फ्री वेज. स्टिपल नंतर घेतला तरी चालेल. कड झिजून भुगा चेहऱ्यावर दिसू लागला की तो स्पंज मी स्वयंपाकघरातही नेत नाही, टाकून देते. पोळ्याच्या आठवड्यात सीताबर्डीवर दाट गोल स्पंज शोधायची वेळ येऊ देऊ नका. जुलैतच आणून, एकदा धुऊन, वाळवून ठेवा. नव्या स्पंजातला कारखान्याचा वास पहिल्या धुण्यात निघून जातो.