मोबाईल बिलाचं ऑटोपे: खरी गोम मर्यादेच्या आकड्यात

पोस्टपेडचं बिल आपोआप जावं म्हणून असलेले तिन्ही मार्ग माझे वापरून झालेत. आधी क्रेडिट कार्डावरची स्थायी सूचना, मग मोबाईल कंपनीच्या ॲपमधून दिलेलं यूपीआय मँडेट (खात्यातून वेळोवेळी पैसे कापायची आगाऊ परवानगी) आणि आता यूपीआय ॲपच्या बिल भरण्याच्या विभागातून लावलेलं ऑटोपे. पैसे तिन्हीकडे वेळेवर जातात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. ओटीपी, पिन, टोकन यांबद्दल सगळीकडे एवढं लिहून आलंय की ते पुन्हा उगाळत नाही. मला बोलायचंय ते मँडेट मंजूर करताना दिसणाऱ्या 'कमाल रक्कम' या एका ओळीबद्दल. माझा सगळा मनस्ताप तिथूनच सुरू झाला.

आईचा नंबर पोस्टपेड आहे. प्लॅन 499 चा, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे बिल 588 रुपये 82 पैसे. दर महिन्याला तेवढंच, कारण आई फोनवर बोलण्यापलीकडे काही करत नाही. तिच्या पेन्शनच्या खात्यावर कंपनीच्या ॲपमधून ऑटोपे लावलेलं होतं. परवा पासबुक भरून आणलं आणि सहज नजर टाकली, तर 588.82 च्या जागी ओळीने 705.64 उमटलेले. मागे कधीतरी रक्कम बदलली आणि तेव्हापासून तीच जात राहिली.

बिल उघडलं. पहिल्या पानावर फक्त एकूण रक्कम. दुसऱ्या पानावर नव्या प्लॅनची जाहिरात. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत 'मूल्यवर्धित सेवा, 99.00'. त्यावर जीएसटी धरला की 116.82, हिशोब पैशापर्यंत जुळला. सेवा कसली, तर कॉलर ट्यूनची. आईला विचारलं, तर म्हणाली, "अरे, मला फोन करणाऱ्याला गाणं ऐकू येतं हे मला कसं कळणार? मी स्वतःलाच फोन लावू का?" मुद्दा बिनतोड होता.

अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी, असा दंडक दूरसंचार नियामक ट्रायने 2013 सालीच घातलाय. ती बंद करायला 155223 हा बिनपैशाचा नंबर आहे. तो लावला आणि ट्यून बंद झाली. पण आधीच कापल्या गेलेल्या पैशांचं काय?

पहिला फोन बँकेला केला. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, मँडेट आपणच पिन टाकून मंजूर केलंय. रक्कम मर्यादेच्या आत आहे. आमच्याकडून व्यवहार बरोबर आहे." चिडलो, पण नियमाने तो बरोबरच होता. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाचा आधार आपण सगळेच देतो: तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला तोशीस नाही. पण ते परिपत्रक अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. ऑटोपेतून गेलेला पैसा बँकेच्या लेखी अधिकृतच असतो. बिल चुकीचं असेल तर भांडण कंपनीशी, बँकेशी नाही. ऑटोपे सुरक्षित आहे असं जाहिरातीत म्हणतात ते चोरापासून, बिल लावणाऱ्यापासून नव्हे.

आता त्या आकड्याकडे येतो. मँडेट मंजूर करायच्या स्क्रीनवर कंपनीचं नाव, कुठल्या तारखेपासून, कधीपर्यंत, किती वेळाने आणि कमाल रक्कम असे रकाने असतात. कंपनीच्या ॲपमधून गेलं की कमाल रकमेच्या जागी 15,000 आधीच भरलेले. आकडा करड्या रंगात. बोट लावलं तरी कर्सर येत नाही. बिल 588 रुपयांचं आणि परवानगी पंधरा हजारांची, म्हणजे सही केलेला कोरा चेकच की.

हे पंधरा हजार आले कुठून, तेही सांगतो. आवर्ती पेमेंटसाठी रिझर्व्ह बँकेची ई-मँडेटची चौकट 1 ऑक्टोबर 2021 पासून सक्तीची झाली. तेव्हा बऱ्याच बँकांची तयारी नव्हती आणि कित्येकांची चालू पेमेंटं एका रात्रीत थांबली होती, ते आठवत असेल. सुरुवातीला दर वेळी वेगळी खातरजमा न करता पाच हजारांपर्यंत रक्कम कापता यायची. जून 2022 मध्ये ती मर्यादा पंधरा हजार झाली. म्हणजे पंधरा हजार ही नियमाने दिलेली वरची हद्द आहे. बदलत्या रकमेच्या मँडेटवर ग्राहकाने आपली कमाल रक्कम ठरवावी हीसुद्धा त्याच नियमांतली सोय आहे. कंपन्या ती वरची हद्द उचलून प्रत्येकाच्या मँडेटवर डकवतात. त्यांचा स्वार्थ उघड आहे: बिल कितीही आलं तरी वसुली अडायला नको.

शेवटी मोबाईल कंपनीच्या 198 या तक्रार नंबरवर तक्रार नोंदवली आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घेतला. तो घेतल्याशिवाय फोन ठेवू नका, पुढचं सगळं त्यावरच चालतं. आधी उत्तर आलं की फक्त चालू महिन्याचे पैसे परत देऊ. मग कंपनीच्याच अपिली प्राधिकरणाकडे अर्ज केला. तशी सोय प्रत्येक कंपनीला ठेवावीच लागते आणि अपिलाला फी नसते. तिथे दुसरी संमती कधी, कुठून दिली याची नोंद मागितली. नोंद काही आली नाही, पैसे मंजूर झाले. खात्यात मात्र नाही, 'पुढील बिलांत समायोजन'. घेताना थेट खात्यातून, देताना समायोजन. असो.

त्याच दिवशी कंपनीकडचं मँडेट रद्द केलं. त्यासाठी कंपनीची परवानगी लागत नाही: यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जायचं, रद्द करा म्हणायचं, पिन टाकायचा. थोडे दिवस थांबवून ठेवायची सोयही तिथेच आहे. मग यूपीआय ॲपच्या बिल भरण्याच्या विभागात आईचा नंबर टाकून नव्याने ऑटोपे लावलं. तिथे कमाल रक्कम मला भरता आली. मी 600 टाकले. सगळ्या ॲपमध्ये तो आकडा मोकळा असेलच असं नाही, म्हणून मंजुरीच्या आधी तिथे बोट लावून बघा.

इथपर्यंतचं लिहून ठेवलं होतं आणि पुढे 'सहाशेची मर्यादा लावा, निर्धास्त राहा' असं लिहिणार होतो. तेवढ्यात नव्या पद्धतीत आईचं बिल सहाशेच्या थोडं वर गेलं. ऑटोपे चाललंच नाही. रक्कम मर्यादेबाहेर आहे, स्वतः भरा, असा निरोप आला. तपासलं तर बिल खरं होतं, आईने दुबईला भाच्याला फोन केला होता. हाताने भरलं. बँकेने दंड लावला नाही, कारण खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेलेला व्यवहार हा नव्हता. पण मी तो निरोप दोन दिवस उशिरा पाहिला असता तर विलंब शुल्क बसलं असतं. म्हणून मत थोडं बदललं. मर्यादा अगदी बिलाला चिकटून ठेवू नये. आता 700 ठेवलीय. दुबईचा छोटा फोन मावतो आणि 705.64 मावत नाही. ट्यूनवाल्यांनी पुन्हा हात घातला तर पाच रुपये चौसष्ट पैशांनी अडकतील.

क्रेडिट कार्डाचा मी एके काळी कट्टर पुरस्कर्ता होतो. आपले पैसे लगेच जात नाहीत, कार्डाचं बिल येईपर्यंत उसंत मिळते, वाद झाला तर खात्यातली शिल्लक शाबूत असते. हे सगळं अजूनही खरं आहे. घोटाळा झाला तो कार्डाची मुदत संपल्यावर. बँकेने नवं कार्ड पाठवलं, मँडेट जुन्याच कार्डावर राहिलं आणि मोबाईल कंपनीने 'पेमेंट अयशस्वी' म्हणत विलंब शुल्क लावलं. 1 ऑक्टोबर 2022 पासून व्यापाऱ्याकडे कार्डाचा नंबर साठवलेला नसतो, फक्त टोकन, म्हणजे त्या नंबराऐवजी वापरायचा पर्यायी कोड असतो. सुरक्षेला ते उत्तमच. पण कार्ड बदललं की कुठली मँडेटं पुन्हा द्यायची याची यादी आपणच करायची. ज्यांना हे जमतं त्यांनी कार्डच ठेवावं. माझ्याकडून होत नाही.

बँकेचा जुना नॅच फॉर्म (खात्यातून थेट पैसे कापायची बँकेला दिलेली संमती) कुणी पुढे केला तर मोबाईल बिलासाठी मी तरी घेणार नाही. शिल्लक कमी पडून व्यवहार परत गेला की बँका अडीचशे ते पाचशेच्या घरात दंड लावतात, वर जीएसटी. 588 च्या बिलासाठी एवढा धोका कोण घेईल?

पैसे कापण्याआधी किमान 24 तास सूचना आली पाहिजे, हा ई-मँडेटचा सगळ्यात कामाचा नियम. त्या सूचनेत कुणाला, किती, कधी जाणार हे असतं आणि तेवढा एक हप्ता थांबवायचा हक्क आपल्याला असतो. सूचना आईलाही येत होत्या, दर महिन्याला, नेमाने. पण इंग्रजीत, आणि कर्ज घ्या, कार्ड घ्या, विमा घ्या या मेसेजांच्या ढिगात. खातं तिचं म्हणून निरोपही तिच्याच फोनवर. म्हणून आता घरच्या वडीलधाऱ्यांच्या खात्यावर ऑटोपे ठेवलेलं नाही. माझं एक जुनं बचत खातं पडून होतं. त्यात किमान शिलकीच्या वर दोनेक हजार ठेवले आणि सगळ्यांची फोन बिलं तिथून जातात. कुणी कितीही लांब हात घातला तरी त्या खात्यात आहे तेवढंच लागेल. पेन्शन, पगार आणि ठेवी जिथे आहेत ते खातं या भानगडीत आणायचंच नाही.

ऑगस्ट 2025 पासून यूपीआय ऑटोपेची वसुली गर्दीच्या वेळा टाळून होते: सकाळी दहाच्या आधी, दुपारी एक ते पाच, किंवा रात्री साडेनऊनंतर. पहिला प्रयत्न फसला तर आणखी तीनदा. त्यामुळे भल्या पहाटे 'खात्यातून रक्कम वजा' आलं म्हणून दचकू नका. बिलाच्या तारखेला सकाळीच खात्यात पैसे असले म्हणजे झालं.

कंपनी बदलणाऱ्यांसाठी एक सांगायला हवं, कारण बहीण यात अडकली होती. नंबर पोर्ट झाला की लोक पहिल्याच दिवशी जुन्या कंपनीचं मँडेट उडवतात. पण पोस्टपेडमध्ये पोर्ट झाल्यानंतर जुन्या कंपनीचं शेवटचं बिल निघतं. ते थकलं तर जुनी कंपनी नव्या कंपनीला सांगून तोच नंबर बंद पाडू शकते. शेवटचं बिल भरा, पावती ठेवा, अनामत रक्कम दिली असेल तर ती मागा आणि मग मँडेट रद्द करा. या क्रमाने केलं तर त्रास नाही.

आणि हो, 'तुमचं सिम आज बंद होणार, ही ऑटोपे विनंती मंजूर करा' असा फोन आला तर थेट कापून टाका. पिन फक्त पैसे जायला लागतो, यायला लागत नाही. कुणी फसलंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

कुरकुर अजून एक आहे. दर वाढले की मर्यादा वाढवायचं काम माझ्यावरच येणार. जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले. तसं पुन्हा झालं तर घरातल्या प्रत्येक नंबरचं मँडेट उघडा, आकडा बदला, पिन टाका. चालेल. निदान वाढ झाल्याचं कळेल तरी.

मर्यादा बदलायच्या निमित्ताने ऑटोपेची यादी नीट पाहिली तेव्हा आणखी मजा दिसली. क्रिकेटच्या एका मोसमासाठी घेतलेल्या ओटीटीचं मँडेट अजून जिवंत होतं, कमाल रक्कम तिथेही सबस्क्रिप्शनच्या कितीतरी पट. ते उडवलं. माझ्या स्वतःच्या नंबरावर मात्र अजून कंपनीच्या ॲपमधलंच पंधरा हजारांचं मँडेट आहे. बिल 5 तारखेला निघतं, त्याआधी तेही बदलून घ्यायचंय.