मार्च १९९१ ची 'एव्होलुझिओने'

लान्चिया डेल्टा इंटेग्राले ही जुनी इटालियन गाडी घ्यायचं मनात असेल, तर विसार देण्याआधी हे वाचा. मी ट्यूरिनमध्ये नोकरी करतो, म्हणजे लान्चियाच्याच गावात राहतो. तरीही एका माणसानं माझ्या गळ्यात नकली गाडी मारली. ६१ हजार युरो गेले, अकरा वर्षांची बचत.

पुण्यात आमच्याकडे पद्मिनी होती आणि तिला सगळे 'फियाट'च म्हणायचे. इटालियन गाड्यांची ओढ तिथली. डेल्टावर जीव जडला तो मात्र तिच्या इतिहासामुळे. १९७९ ला आलेली, ज्युजारोनं रेखाटलेली ही साधी चौकोनी घरगुती गाडी. मे १९८६ मध्ये कोर्सिकाच्या रॅलीत हेन्री तोइवोनेन आणि त्याचा सहचालक सेर्जिओ क्रेस्तो डेल्टा एस-४ सकट जळून गेले. ग्रुप बी या रॅलीगटातल्या त्या बेफाम गाड्या बंद झाल्या आणि १९८७ पासून ग्रुप ए चा नियम लागला: किमान ५ हजार गाड्या लोकांना विकायला बनवा, मगच तिची रॅलीची गाडी करा. लान्चियानं डेल्टात दोन लिटरचं टर्बो इंजिन बसवलं, चारही चाकांना ताकद दिली आणि १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षं उत्पादकांचं जगज्जेतेपद घरी आणलं.

या नियमातच माझ्या फसवणुकीची गोष्ट आहे. रॅलीत जी सुधारणा हवी, ती आधी विक्रीच्या गाडीत करावी लागे, म्हणून थोड्या थोड्या काळानं नवी आवृत्ती निघत गेली. चारही चाकांना ताकद असलेल्या या डेल्टाचं नाव इंटेग्राले. आठ व्हॉल्व्हची इंटेग्राले १८५ अश्वशक्तीची. १९८९ ची सोळा व्हॉल्व्हची २०० ची. आणि १९९१ च्या शरदात आलेली एव्होलुझिओने २१० ची: चाकांमधलं अंतर वाढलेलं, फेंडर फुगीर, चाकाला चारऐवजी पाच नट, छताच्या मागच्या कडेला वरखाली होणारा पंख. आज एव्होची किंमत सोळा व्हॉल्व्हवालीपेक्षा खूपच चढी आहे. म्हणून सोळा व्हॉल्व्हवालीला एव्होचे कपडे चढवणारे लोक आहेत.

विकणारा गोड बोलणारा होता. गॅरेजात एकच पिवळा दिवा आणि बाहेर पाऊस. लाल गाडी, पाच नट, रेकारोच्या सीट, पंख उभा. "शनिवारी दोन जर्मन बघायला येताहेत," तो म्हणाला. मी तिथेच पाच हजार विसार दिला. कागदांवर पहिली नोंदणी मार्च १९९१ ची होती. "अगदी पहिल्या तुकडीतली आहे," असं तो म्हणाला आणि मी मान डोलावली. एव्हो शरदात आली हे मला पाठ होतं, पण त्या क्षणी ते आठवलं नाही.

तीन आठवड्यांनी टायमिंग बेल्ट बदलायला गाडी एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी ती रॅम्पवर चढवली, टॉर्च मारला आणि मागच्या फेंडरला खिशातलं चुंबक लावलं. ते घसरून खाली पडलं. वरच्या बाजूला लावलं, तिथे चिकटलं. पुन्हा कडेला, पुन्हा पडलं. आत पत्रा नव्हता, पुट्टी होती. आपल्याकडचे डेंटिंगवाले जिला लांबी म्हणतात ती, बोटभर जाड. चाकामागचं प्लास्टिक काढल्यावर वेल्डिंगचे ओबडधोबड गोळे दिसले. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "इंजेन्येरे (इंजिनियरसाहेब), लिब्रेत्तो आणा."

लिब्रेत्तो म्हणजे इथलं आरसी बुक. त्यात 'पी.२' नावाच्या रकान्यात इंजिनाची ताकद किलोवॅटमध्ये लिहिलेली असते. तिथे १४७ होतं. १४७ किलोवॅट म्हणजे २०० अश्वशक्ती. एव्होला १५४ च्या आसपास हवेत. तो कागद खरेदीआधी माझ्या हातात होता. त्यावरची तारीख आणि तो आकडा दोन्ही खरं सांगत होते.

यापुढची चूक जास्त महागात पडली, म्हणून नीट सांगतो. इटलीत खाजगी व्यवहारात मालात लपलेला दोष सापडला, तर सापडल्यापासून आठ दिवसांत विकणाऱ्याला कळवावं लागतं, आणि पुरावा हवा म्हणून लेखीच कळवायचं. मी महिनाभर त्याला फोन करत राहिलो. तो प्रत्येक वेळी "बघतो" म्हणायचा. आता वकीलबाई म्हणतात, त्यानं दोष जाणूनबुजून लपवला हे सिद्ध केलं तर आठ दिवसांची अट आड येणार नाही, पण सिद्ध आपल्याला करावं लागेल. त्यात करारात 'विस्ता ए पियाचुता', म्हणजे पाहिली आणि पसंत पडली, हे शब्द आहेत आणि खाली माझी सही आहे.

चुंबक दहा मिनिटांचं काम आहे, तेवढं तरी करा. त्याच वेळी पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यांजवळच्या पत्र्यावर बोट फिरवा, अस्सल गाड्यांनाही तिथे तडे जातात. आणि लान्चियाच्या रॅली संघाची प्रायोजक असलेल्या मार्टिनीच्या पट्ट्यांची गाडी कुणी दाखवली तर दुप्पट सावध व्हा. 'मार्टिनी ६' या खास आवृत्तीच्या फक्त ३१० गाड्या निघाल्या, पट्टे मात्र कुणीही चिकटवू शकतो. कंपनीच्या हेरिटेज विभागाकडे चेसिस नंबर देऊन उगमाचा दाखला मागवता येतो. विकणारा त्यासाठी थांबायला तयार नसेल, तर उठून या.

माझा दाखला गेल्या महिन्यात आला. सोळा व्हॉल्व्हची इंटेग्राले, रंग लाल. १९८९ च्या सानरेमोत हीच आवृत्ती पहिल्यांदा रॅलीत उतरली, तीही लाल रंगात, आणि मिकी बियाझिओननं ती जिंकली. मला त्या माणसानं खरं सांगितलं असतं, तरी ही गाडी मी आनंदानं घेतली असती, तिच्या खऱ्या भावात. कोर्टाचा तज्ज्ञ पाहून जाईपर्यंत तिला हात लावायचा नाही, असं वकीलबाईंनी बजावलंय. त्यानंतर मेकॅनिककाका पुट्टी खरवडायला घेणार आहेत. चार नटांचे जुने हब त्यांनी आत्ताच शोधून ठेवलेत.