स्टेलारिस घ्यावा की एंडलेस स्पेस २? पाळीत काम करणाऱ्याचं मत

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात सेल लागला की आमच्या ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो: दोन्ही स्वस्त झालेत, एकच घ्यायचाय, कोणता घेऊ? नाशकात अंतराळातले स्ट्रॅटेजी गेम मनापासून खेळणारे माझ्या माहितीत थोडेच आहेत. पण जे आहेत त्यांचे दोन तट पडलेत आणि रविवारी मिसळ खाताना त्यावर जोरात बोलणं होतं. मी दोन्ही गेम भरपूर खेळलोय. आता लॅपटॉपवर एकच ठेवलाय. तरी ज्याला खरंच निवड करायची आहे त्याला दुसऱ्याची बाजू आधी नीट कळावी, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

स्टेलारिस पॅराडॉक्स या कंपनीचा, २०१६ सालचा. इतकी वर्षं होऊनही तो थांबलेला नाही. २०१८ मध्ये ताऱ्यांमधल्या प्रवासाच्या तीन पद्धती मोडून सगळ्यांना हायपरलेनवर, म्हणजे ताऱ्यांना जोडणाऱ्या ठरलेल्या वाटांवर, आणलं. त्याच वर्षाच्या शेवटी ग्रहांवरच्या जुन्या चौकटी गेल्या आणि त्यांच्या जागी जिल्हे आणि नोकऱ्या आल्या. २०२५ च्या ४.० आवृत्तीत लोकसंख्येचा हिशोब पुन्हा मुळापासून बदलला. काही जुने खेळाडू यावर नाराज असतात, कारण शिकलेलं मोडून परत शिकावं लागतं. मला ही गोष्ट चांगली वाटते. बनवणारे अजून त्यात जीव ओततायत, हे दिसतं.

आणि त्याची सुरुवात! २२०० साल, एक ग्रह, हातात एक सायन्स शिप, बाकी सगळा नकाशा काळा. एकेक तारा उघडत जायचं, कुठे नष्ट झालेल्या संस्कृतीचे अवशेष, कुठे काही केल्या उलगडत नाही असा सिग्नल. पुढे एखादं फॉलन एम्पायर भेटतं: हजारो वर्षांपूर्वी सगळं मिळवून झालेलं, आता कशातच रस नसलेलं, पण डिवचलं तर तुमची राखरांगोळी करणारं. शोध घेण्याचा हा आनंद या प्रकारच्या दुसऱ्या कुठल्याही गेमने मला इतका दिला नाही. एंडलेस स्पेस २ मध्येही शोध आहे, पण तिथे नकाशा लवकर ओळखीचा होतो.

आपलं साम्राज्य घडवायचं स्वातंत्र्यही स्टेलारिसमध्ये अफाट आहे. शांतताप्रिय आणि धार्मिक लोक हवेत? जमतं. परक्यांचा तिटकारा असलेले लष्करी हवेत? तेही. सगळ्यांचं मिळून एकच मन असलेली जमात, किंवा स्वतःच्या निर्मात्यांना संपवलेली यंत्रं, यांसाठी मात्र विस्तार, म्हणजे मूळ गेमला जोडायचे जादा भाग, विकत घ्यावे लागतात. विस्तार बरेच आहेत आणि सगळे घ्यायचे म्हटलं तर खिशाला जाणवतं. सुरुवातीला एकट्या ‘युटोपिया’वर भागतं, असं माझं मत.

आता एंडलेस स्पेस २. पॅरिसच्या अ‍ॅम्प्लिट्यूडचा, २०१७ सालचा, टर्नवर चालणारा, म्हणजे आपली खेळी करून टर्न संपवली की खेळ पुढे सरकतो. इथे गट आधीच ठरलेले आहेत. कस्टम गट करता येतो, पण खरी मजा तयार गटांतच आहे, कारण प्रत्येकाचा खेळ मुळातूनच वेगळा आहे. क्रेव्हर्स ही कीटकांसारखी जमात. एंडलेस नावाच्या प्राचीन जमातीने तिला शस्त्र म्हणून घडवलं. ते ज्या ग्रहावर राहतात तो ओरबाडून रिकामा करतात. सुरुवातीला उत्पादन भरभरून येतं, मग ग्रह मरतो आणि पुढचा शोधावा लागतो. तह करणं त्यांच्या नशिबातच नाही, सगळ्यांशी कायमचं युद्ध. वोड्यानी ग्रहांवर राहतच नाहीत. त्यांची प्रचंड जहाजं हीच त्यांची गावं, आणि दुसऱ्यांच्या लोकसंख्येतून शोषलेल्या सत्त्वावर ती वाढतात. लुमेरिस वसाहती बसवत नाहीत, डस्ट (या गेममधला पैसा) मोजून विकत घेतात. अनफॉलन ही झाडांची जमात, एका ताऱ्यापासून दुसऱ्याकडे वेल पसरवत जाते आणि वेल पोचली तरच तिथे वस्ती करू शकते. रिफ्टबॉर्नची संख्या आपोआप वाढत नाही, माणसं कारखान्यात घडवावी लागतात. आणि होरॅशिओ! एक अतिश्रीमंत माणूस स्वतःच्याच रूपावर इतका भाळला की त्याने स्वतःच्या प्रतींचं साम्राज्य उभं केलं. इतर जमातींचे चांगले गुण उचलून तो स्वतःत मिसळत जातो.

क्रेव्हर्स खेळून झाल्यावर अनफॉलन घेतला की पुन्हा नवीन शिकावं लागतं. स्टेलारिसमध्ये धार्मिक साम्राज्य संपवून भौतिकवादी घेतलं तर फरक पडतो, पण हात त्याच गोष्टी करत राहतात. हे माझ्या हाताला जाणवलेलं. कुणाला उलट वाटू शकतं.

पण माझा निर्णय या कशामुळे झाला नाही. तो झाला एका लहानशा त्रासामुळे, आणि तो मी जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचंही आयुष्य माझ्यासारखं असेल तर तुम्हालाही तो होणार.

मी अंबडच्या एमआयडीसीत काम करतो, पाळ्या आठवड्याला बदलतात. रात्रपाळीच्या आठवड्यात गेम उघडणं होत नाही. म्हणजे माझा कुठलाही डाव सलग होत नाही. आठवडाभर सुटतो, मग परत धरायचा. स्टेलारिसचा सेव्ह असा परत उघडला की समोर येतं ते असं: पूर्वेला एक अमुक हेजेमनी, उत्तरेला तमुक कॉमनवेल्थ, त्यापलीकडे आणखी एक अलायन्स. नावं गेमने स्वतः जुळवलेली, चेहरे यादीतून उचललेले. एकाशी माझा करार आहे, एकावर मी दावे लावून ठेवलेत, एकाला मी प्रतिस्पर्धी घोषित केलंय. का केलंय, ते आठवत नाही. हेजेमनीचा माझ्यावरचा राग आकड्यात दिसतो, इतके सीमेमुळे, इतके विचार जुळत नाहीत म्हणून. पण तो राग मला आतून जाणवत नाही. गेल्या आठवड्यात मी ज्याच्यावर चिडून ताफा बांधायला घेतला होता, तो आज मला परका वाटतो. मग मी पॉज करून एकेक खिडकी उघडत बसतो आणि संध्याकाळचा चांगला भाग तिथेच जातो. ज्या वेळात खेळायचं, त्या वेळात जुना संदर्भ लावायचा.

४.० पासून स्टेलारिसमध्ये साम्राज्याची टाइमलाइन आली आहे, तिची मदत होते. काय घडलं ते ती सांगते. शेजारी कसा आहे, हे मात्र तिच्यातून परत मनात येत नाही.

एंडलेस स्पेस २ मध्ये मला हा त्रास झाला नाही. पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकांसारखे आहेत हे गट: कितीही दिवसांनी डब्यात चढा, कोण पत्ते काढणार, कोण खिडकीसाठी भांडणार, हे आधीच माहीत असतं. सेव्ह उघडला, दक्षिणेला क्रेव्हर्स दिसले की आठवावं काहीच लागत नाही. त्यांचे ग्रह संपत आले असणार, म्हणजे ते माझ्याकडे येणार. लुमेरिस शेजारी असतील तर व्यापार जमेल, पण त्यांच्याकडे डस्ट साठतंय यावर डोळा ठेवायला हवा. वोड्यानींचं जहाज माझ्या ताऱ्याजवळ रेंगाळतंय म्हणजे माझी माणसं शोषली जाणार. वैर गटाच्या स्वभावातच आहे, ते मला डोक्यात साठवून ठेवावं लागत नाही. शिवाय टर्नचा खेळ असल्याने थांबण्याची जागा आपोआप मिळते. टर्न संपवली, लॅपटॉप मिटला. मध्येच लाइट गेली तरी फारसं काही जात नाही, कारण ऑटोसेव्ह टर्नच्या हिशोबाने होतो.

त्याच गटांची राजकीय बाजूही मला फार आवडते. दर २० टर्नला निवडणूक होते आणि तुमच्या राज्यातली प्रत्येक जमात आपला कल घेऊन मतदान करते. युद्धात क्रेव्हर्सचे ग्रह जिंकले तर ती माणसं तुमची होतात, पण त्यांच्याबरोबर त्यांचा युद्धज्वरही तुमच्या सिनेटमध्ये येऊन बसतो. शांततावादी सरकार चालवणाऱ्याला नको असलेले कायदे गळ्यात पडू शकतात. शत्रू जिंकल्यावरही शत्रूच्या स्वभावाशी झुंजावं लागतं, हे मला आणखी कुठे इतकं चांगलं भेटलेलं नाही.

माझ्या या तक्रारीवर आमच्यातल्या एका पक्क्या स्टेलारिसवाल्याकडे उत्तर आहे, आणि ते योग्यही आहे. सिडकोत राहतो तो. त्याने स्वतः दहा-बारा साम्राज्यं घडवून ठेवलीत, प्रत्येकाला नाव, इतिहास, स्वभाव दिलाय, आणि ती प्रत्येक डावात यायलाच हवीत असं सेटिंग केलंय. त्यामुळे त्याचे शेजारी त्याच्या ओळखीचे असतात. ज्याला असं जग रचायची हौस आहे त्याच्यासाठी स्टेलारिसइतकं मोठं अंगण दुसरं नाही. मी हे करून पाहिलं. पण मग समोर कोण येणार हे मला आधीच ठाऊक होतं, आणि अज्ञातात शिरण्याचा जो आनंद स्टेलारिसची सगळ्यात मोठी ताकद आहे तोच थोडा कमी झाला. त्याला तसं वाटत नाही, हेही सांगायला हवं.

एंडलेस स्पेस २ च्या उणिवाही लपवत नाही. कॉम्प्युटरचे गट वरच्या काठिण्यपातळीवरही कधीकधी भाबडे वागतात, ही जुन्या खेळाडूंची तक्रार मला पटते. लढाईत तुम्ही आधी डावपेचाचं कार्ड निवडता आणि मग बघता. दृश्यं देखणी आहेत, पण पुढे पुढे बहुतेक जण ती वगळतात, मीही. मोठ्या विस्तारांची गाडी २०१९ च्या ‘अवेकनिंग’पाशी थांबली. आता अ‍ॅम्प्लिट्यूड दुसऱ्या गेमवर आहे, त्यामुळे जे आहे तेच आहे. विस्तारांपैकी ‘सुप्रीमसी’ मी घ्यायला सांगेन, हिश्शो या योद्ध्यांच्या गटासाठी. बाकीच्यांची घाई नाही.

स्टेलारिसचा शेवट हळू होतो, हे सगळेच सांगतात. मोठी आकाशगंगा ठेवली तर उत्तरार्धात दिवस पुढे सरकायला वेळ लागतो. ६०० ताऱ्यांच्या खाली ठेवा, माझ्यासारख्या मधल्या दर्जाच्या लॅपटॉपवरही निभतं. तेवढ्यासाठी कुणी तो नाकारू नये.

एका बाबतीत मात्र मी स्टेलारिसच्या बाजूने ठाम आहे: चार-पाच जण मिळून ऑनलाइन खेळणार असाल तर तोच घ्या. आमच्यातला एक हिंजवडीत, एक नाशिक रोडला, बाकीचे कॉलेज रोडच्या आसपास. शनिवारी रात्री बसलो की घड्याळ सगळ्यांसाठी एकत्र पळतं, कुणी पॉज केला तर सगळे थांबतात, आणि हेजेमनीच्या मागे खरा मित्र असतो, त्यामुळे त्याचं वैर विसरायचा प्रश्नच येत नाही. एंडलेस स्पेस २ मध्ये चौघांपैकी एक जण टर्नवर विचार करत बसला की उरलेले तिघे फोन काढतात.

पण एकट्याने, तुटक वेळात, कामावरून आल्यावर तासभर खेळणार असाल, तर मी एंडलेस स्पेस २ कडे झुकेन. सुरुवात लुमेरिसने करा. वसाहती विकत घेता येत असल्याने पहिला डाव अंगावर येत नाही, आणि डस्टचं महत्त्व लवकर समजतं. सोफॉन्सही सोपे आहेत, संशोधनावर भर द्यायचा असेल तर. अनफॉलन आणि वोड्यानी दुसऱ्या-तिसऱ्या डावासाठी ठेवा, त्यांच्या पसरण्याच्या पद्धतीला सरावावं लागतं. आणि पहिल्याच डावात क्रेव्हर्स शेजारी निघाले तर तहाची वाट बघू नका. सीमेवरच्या ताऱ्यात संरक्षण आणि मनुष्यबळ आधी वाढवा, संशोधन नंतर.